तार लावली तरी लॅपटॉप वाय-फायवरूनच चालतो, काय करावं?

जांभाचिरा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरून काम करतोय. ऑफिस पुण्यात. घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती दीड-दीड फूट जाड. फायबर पडवीपर्यंत आलंय आणि राउटर तिथेच आहे. पडवीत नेट झकास चालतं, पण ओटी ओलांडून माजघरात आलं की सिग्नल संपला. म्हणून दोन गोष्टी केल्या. माजघराच्या दाराशी एक रिपीटर (वाय-फायचा सिग्नल झेलून पुढे पाठवणारं यंत्र) लावला, तो मुख्यतः आईबाबांच्या फोनसाठी. आणि माळ्यावरून एक लॅन केबल ओढून माजघरातल्या माझ्या टेबलापर्यंत आणली, साधारण वीस मीटर.

माझा दिवस असा जातो: सकाळी गार असतं तोवर पडवीत बसतो, वाय-फायवर. दहानंतर ऊन आत येतं, मग लॅपटॉप उचलून माजघरात, तिथे केबल लावतो. संध्याकाळी परत पडवीत. म्हणजे रोज दोन-तीनदा वायर ते वाय-फाय आणि वाय-फाय ते वायर अशी उडी असते.

अडचण ही की माजघरात केबल लावल्यावरही मीटिंगमध्ये आवाज तुटतो. त्याच वेळी वाय-फाय बंद केलं की सगळं सुरळीत. म्हणजे केबल लावलेली असूनही लॅपटॉप वाय-फायच वापरतोय असं दिसतंय. आणखी एक कोडं: सकाळी मशीन केबल लावूनच सुरू केलं तर दिवसभर काही त्रास नाही. पडवीतून चालू लॅपटॉप उचलून आणला की मात्र हमखास त्रास.

वाय-फाय हाताने बंद करायची सवय लावून घेतली, तर संध्याकाळी केबल काढून पडवीत जाताना ते परत चालू करायचं राहतं. मग व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) तुटतो, पुन्हा ओटीपी, पुन्हा लॉगिन. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीनदा मीटिंगमधून बाहेर फेकला गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं की पुण्यात येऊन काम करणं जमेल का. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, त्यांना सोडून जाणं मला आत्ता शक्य नाही. त्यामुळे हे नीट समजून घ्यायचंय, तात्पुरता इलाज नको. लॅपटॉप ऑफिसचा, विंडोज ११.


रानवारा | सोमवार, रात्री १०.०५

दादा, इतकं डोकं कशाला लावायचं? केबल लावली की वाय-फाय बंद, काढली की चालू. मी तीन वर्षं तेच करतोय.


जांभाचिरा | सोमवार, रात्री १०.१२

रानवारा, ते करून पाहिलंच आहे. एका जागी बसून काम असेल तर चालेल. दिवसातून तीनदा जागा बदलताना एकदा तरी विसरतोच, आणि नेमकं मीटिंगच्या तोंडावर.


तारमास्तर | सोमवार, रात्री ११.३०

जांभाचिरा, तुम्ही जे दोन बारकावे लिहिलेत त्यातच निम्मं उत्तर आहे. बरेच जण नुसतं "नेट चालत नाही" एवढंच लिहितात.

लॅपटॉपला एकाच वेळी दोन वाटा उपलब्ध असल्या की विंडोज प्रत्येक वाटेला एक आकडा देतं. त्याला मेट्रिक म्हणतात. आकडा लहान ती वाट आधी. वायर म्हणजे कायम पहिला नंबर, असा समज आहे, पण तसं नाही. आपण काही बदललं नसेल तर हा आकडा त्या जोडणीच्या लिंक स्पीडवरून, म्हणजे लॅपटॉप आणि समोरच्या यंत्रामधल्या वेगावरून, आपोआप ठरतो. विंडोज १० पासून वायर आणि वायरलेस यांची कोष्टकंही वेगळी आहेत.

आता तुमचं कोडं. केबल लावूनच मशीन सुरू केलं तर विंडोज बहुतेक वेळा वाय-फायला आपणहून जोडतच नाही. वायर मिळालेली आहे, दुसरी वाट कशाला, असा त्याचा मूळ नियम आहे. पण वाय-फाय आधीपासून जोडलेलं असेल आणि मग केबल खुपसली, तर चालू जोडणी ते तोडत नाही. दोन्ही जिवंत राहतात, मग मेट्रिकची तुलना होते. तुमच्याकडे त्या तुलनेत वाय-फाय जिंकतंय असा माझा अंदाज आहे.

तपासायला तीन गोष्टी करा. माजघरात, केबल लावलेली आणि वाय-फायही जोडलेलं असताना:

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. तिथे इथरनेट (म्हणजे वायरची जोडणी) आणि वाय-फाय यांचे वेगळे आलेख दिसतात. एखादा व्हिडिओ लावा आणि कुठला आलेख हलतो ते बघा.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे दोन्ही जोडण्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. दोन्ही आकडे इथे द्या.

शेवटी कमांड प्रॉम्प्टवर 'रूट प्रिंट' (route print) ही आज्ञा द्या. आयपीव्ही४ च्या यादीत ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. त्यांच्या अगदी उजवीकडचा आकडा म्हणजे मेट्रिक. तोही द्या.

अजून काही बदलू नका. आधी आकडे.


जांभाचिरा | मंगळवार, सकाळी १०.५०

मास्तर, तुम्ही सांगितलंत तसं केलं.

आलेख वाय-फायचाच हलतोय. इथरनेटचा जवळजवळ सपाट.

लिंक स्पीड: वाय-फाय ८६६/८६६, इथरनेट १००/१००.

रूट प्रिंट: वाय-फायच्या ओळीला ३०, इथरनेटच्या ओळीला ३५.

८६६ बघून चक्रावलो. माजघरात वाय-फायचा स्पीड मोजला तर सहा-सात एमबीपीएसच्या वर जात नाही. मग हे ८६६ कुठून आलं?


तारमास्तर | मंगळवार, दुपारी १.१५

८६६ हा लॅपटॉप ते रिपीटर एवढ्याच टप्प्याचा वेग आहे. रिपीटर तुमच्यापासून पाच-सात फुटांवर, मध्ये काही आड नाही, त्यामुळे सिग्नल भरपूर. पुढे रिपीटर ते राउटर या टप्प्यात जांभ्याची भिंत आहे, तिथे सगळं अडतं. शिवाय स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे आहे तो वेगही निम्मा होतो. विंडोजला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त आपल्या शेजाऱ्याशी किती वेगानं बोलणं होतंय तेवढंच कळतं.

आता कोष्टक. वाय-फायचा लिंक स्पीड ५०० एमबीपीएस ते २ जीबीपीएसच्या मध्ये असेल तर मेट्रिक ३०. वायरचा ८० ते २०० च्या मध्ये असेल तर ३५, आणि २०० एमबीपीएस ते २ जीबीपीएसच्या मध्ये असेल तर २५. तुमची वायर १००वर अडकलीय म्हणून ३५, आणि वाय-फाय ३०. नियमाप्रमाणे वाय-फाय जिंकलं. वायर १०००वर असती तर तिला २५ मिळाले असते आणि तुम्हाला हा धागा काढावाच लागला नसता.

म्हणून खरा प्रश्न असा की तुमची केबल १००वर का आहे. राउटरचं पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं, आहे का ते आधी बघा. असेल तर माझा संशय केबलवर, त्यातही टोकाच्या जॅकवर.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, जॅकमधल्या १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. नेहमीच्या जोडणीत त्या नारिंगी आणि हिरव्या. १९९९ साली ठरलेल्या गिगाबिटच्या मानकाला चारही जोड्या लागतात, म्हणजे निळी आणि तपकिरीसुद्धा. निळी किंवा तपकिरी यांतली एक जरी तार नीट टेकली नसेल, तरी दोन्ही टोकांचे चिप गिगाबिटचा प्रयत्न करून बघतात आणि जमत नाही म्हटल्यावर मुकाट्यानं १००वर उतरतात. नेट चालू राहतं, पोर्टचा दिवाही लागतो. म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मेट्रिक हाताने बदलूनही काम भागतं. नेटवर्क अॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४, तिथे अॅडव्हान्स्ड, ऑटोमॅटिक मेट्रिकची खूण काढून इथरनेटला १० द्यायचं, मग आयपीव्ही६ लाही तसंच. पण ऑफिसच्या मशीनवर त्याला अॅडमिनचे हक्क लागतील. आणि मूळ दोष तारेत असेल तर तो तिथेच दुरुस्त व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरून बघा. पारदर्शक असतात, तारा दिसतात.


निळीशाई | मंगळवार, दुपारी २.४०

हे वाचून लगेच माझं मशीन तपासलं. माझ्या पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नाही, यूएसबीचा अडॅप्टर लावते. तिथेही १००/१००! केबल नवीन आहे, मग अडॅप्टरचा खोका काढून बघितला, तर त्यावरच १० / १०० लिहिलंय. घेताना नुसतं "लॅन अडॅप्टर पाहिजे" म्हणाले आणि दुकानदारानं जो हातात आला तो दिला.

मास्तर, नवीन घेताना काय बघू?


तारमास्तर | मंगळवार, दुपारी ३.००

निळीशाई ताई, खोक्यावर "गिगाबिट" किंवा १०/१००/१००० लिहिलेलं हवं, आणि यूएसबी ३ हवं. यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस, त्यात गिगाबिट मावत नाही. आणि यूएसबी ३ चा हब वाय-फायच्या अँटेनाला चिकटून ठेवू नका. यूएसबी ३ च्या गोंगाटानं २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय बिघडतं, हे इंटेलनं २०१२ सालीच मोजून प्रसिद्ध केलंय. हातभर लांब ठेवला तरी पुरे.


मुठाकाठ | मंगळवार, रात्री ८.२०

मी एका कंपनीच्या आयटी मदतकक्षात काम करते, आणि घरून काम करणाऱ्यांचे निम्मे फोन याच विषयावर असतात. मास्तरांनी वाट कशी निवडली जाते ते सांगितलं. मी उडी मारताना काय होतं ते सांगते, कारण जांभाचिरा यांचा व्हीपीएन त्याच क्षणी तुटतोय.

लॅपटॉपमध्ये वायरचं कार्ड वेगळं, वाय-फायचं वेगळं. दोघांचे मॅक पत्ते (कार्डाची कायमची ओळख) वेगळे, म्हणून राउटर दोघांना वेगळे आयपी पत्ते देतो. समजा वाय-फायला १९२.१६८.१.१४ आणि वायरला १९२.१६८.१.२२. राउटर तोच, घर तेच, तरी लॅपटॉपचे पत्ते दोन.

आता रिमोट डेस्कटॉप, फाइल उतरवणं आणि काही व्हीपीएन ही कामं टीसीपी या प्रोटोकॉलवर (माहिती पाठवायच्या नियमांवर) चालतात. टीसीपीची जोडणी दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते आणि पोर्ट मिळून ओळखली जाते. जोडणी .१४ वरून सुरू झाली असेल तर ती .२२ वर सरकत नाही. वाय-फाय गेलं की ती मेली, आणि नव्याने जोडावं लागतं. ब्राउझरमधल्या काही साइट्स आता क्विक नावाचा नवा प्रोटोकॉल वापरतात. २०२१ साली त्याचं मानक आलं. त्यात जोडणीला स्वतःची ओळख असते, त्यामुळे पत्ता बदलला तरी ती टिकू शकते. पण तुमच्या ऑफिसचा व्हीपीएन तसा असेल हे गृहीत धरू नका.

म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगते: आधी नवीन जोडा, मग जुनं सोडा, आणि मीटिंग त्यानंतर सुरू करा. माजघरातून उठताना केबल काढायच्या आधी वाय-फाय चालू आहे का आणि जोडलंय का ते बघा. दहा सेकंद थांबा. मग केबल काढा. व्हीपीएन तुटेलच, पण निदान पुन्हा जोडायला वाट तयार असेल. मीटिंगच्या मधोमध उठून जागा बदलायची नाही. कितीही चांगली यंत्रणा असली तरी तो धोका घेऊ नका.


हापूसबाग | मंगळवार, रात्री ९.५०

जांभाचिरा, तुमच्यासारखाच कोकणातला आहे म्हणून लिहितो. मे अखेरीला वळवाचे ढग भरून आले की आमच्याकडे पहिलं काम म्हणजे लॅन केबल लॅपटॉपमधून काढणं. दोन वर्षांपूर्वी रात्री विजा कडाडत होत्या, मी बॅटरीवर काम करत होतो, चार्जर काढलेला, म्हणून निश्चिंत होतो. केबल मात्र तशीच होती. एक मोठा लखलखाट झाला आणि राउटर गेला, त्याच्याबरोबर लॅपटॉपचं लॅन पोर्टही कायमचं मेलं.

फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं. पण राउटर विजेच्या बोर्डावर असतो. लाइनवरून आलेला दणका अडॅप्टरमधून राउटरमध्ये आणि तिथून तांब्याच्या केबलनं सरळ लॅपटॉपमध्ये शिरतो. पोर्टच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला १५०० व्होल्टची चाचणी पार करावी लागते, पण आकाशातल्या विजेपुढे ते काहीच नाही. तुमची केबल तर माळ्यावरून वीस मीटर गेलीय, जास्तच जपा.

त्या दिवसांत वाय-फायवर काम करा, संथ चाललं तरी. आणि केबलचं टोक नुसतं ओढून टेबलावर लोंबकळत ठेवू नका, लॅपटॉपपासून लांब ठेवा.


काळी_पाटी | बुधवार, सकाळी ७.३०

धाग्याला धरून एक प्रश्न, चालेल ना? मी शिक्षिका आहे. वाय-फायवर असले की घरातला प्रिंटर दिसतो, केबल लावली की गायब होतो. प्रश्नपत्रिका छापायच्या असतात, दर वेळी केबल काढून छापते.


मुठाकाठ | बुधवार, सकाळी ९.१०

काळी_पाटी ताई, तुमच्याकडे नेटवाल्यानं दिलेली डबी आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर अशा दोन वस्तू आहेत का? आणि केबल नेटवाल्याच्या डबीत लावलीय का?


काळी_पाटी | बुधवार, सकाळी ९.२५

हो, अगदी तसंच! डबीला चार भोकं आहेत, त्यातल्या एकात लावलीय. माझा राउटर दुसऱ्या खोलीत आहे, प्रिंटर त्याच्या वाय-फायवर.


मुठाकाठ | बुधवार, सकाळी ९.४०

मग तेच कारण. डबी आणि तुमचा राउटर दोघेही आपापलं वेगळं जाळं तयार करतायत. समजा डबीचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि राउटरचे १९२.१६८.० ने. प्रिंटर राउटरच्या जाळ्यात आहे. तुम्ही वाय-फायवर असता तेव्हा त्याच्याच जाळ्यात असता, केबल लावली की डबीच्या जाळ्यात जाता. दोन्हीकडे इंटरनेट आहे, पण प्रिंटर पलीकडच्या जाळ्यात राहिला.

केबल राउटरच्या लॅन पोर्टात लावा. वॅन लिहिलेल्या पोर्टात नाही, ते वेगळ्या रंगाचं असतं. केबल तिथपर्यंत पोचत नसेल तर राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे घरभर एकच जाळं होईल.

तरीही दिसला नाही तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या वायरच्या जोडणीला पब्लिक ऐवजी प्रायव्हेट करा. नवीन जोडणी बहुतेक वेळा पब्लिक धरली जाते आणि मग घरातल्या इतर वस्तू दिसत नाहीत.


काळी_पाटी | बुधवार, दुपारी ४.५५

केबल राउटरला लावली आणि प्रिंटर दिसला. आठवीची चाचणी केबल न काढता छापली. मुठाकाठ ताई, मनापासून आभार.


टक्स_पुणेरी | बुधवार, संध्याकाळी ६.००

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. उबुंटू, फेडोरा वगैरेंमध्ये जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर असतो. तो लिंक स्पीड बघत नाही, वायरला सरळ १०० आणि वाय-फायला ६०० मेट्रिक देतो. म्हणजे वायर १००वर असली तरी तिलाच पहिला मान. केबल लावल्यावर वाय-फाय आपोआप बंद व्हावं असं हवं असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवायची. एनएमसीएलआय या त्याच्या आज्ञेच्या उदाहरणांच्या मॅन पानावर (लिनक्समधल्या मदतीच्या पानावर) ती तयार दिलेली आहे. मी ती वापरतो, केबल काढली की वाय-फाय परत चालू होतं. ही व्यवस्था मला विंडोजपेक्षा जास्त सरळ वाटते.


दूरदेशी | बुधवार, रात्री ११.२०

डब्लिनहून. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे तीन टिंबांच्या मेनूत सेवांचा क्रम लावता येतो. इथरनेट ओढून सगळ्यात वर ठेवा. एकदा केलं की पुन्हा बघावं लागत नाही. वाय-फाय बंद करू नका असंच सांगेन, कारण एअरड्रॉपला (अॅपलच्या यंत्रांमध्ये फाइल पाठवायच्या सोयीला) ते चालू लागतं. आमच्याकडे दोघेही घरून काम करतो, डॉकवर लॅपटॉप ठेवला की वायर, उचलला की वाय-फाय.


रानवारा | गुरुवार, सकाळी ८.१५

+१, बरंच नवीन कळलं. माझ्या बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर उलट होतं. केबल लावली की वाय-फाय आपणहून बंद पडतं आणि चालूच होत नाही. तो बिघाड आहे का?


तारमास्तर | गुरुवार, सकाळी ९.००

बिघाड नाही, बहुधा मुद्दाम केलेलं आहे. ऑफिसच्या जाळ्यात वायरनं जोडलेलं मशीन त्याच वेळी बाहेरच्या वाय-फायलाही जोडलेलं असणं कंपन्यांना नको असतं. विंडोजमध्ये एकाच वेळच्या जोडण्या कमी ठेवण्याचं धोरण आहे, त्याची ३ ही किंमत म्हणजे इथरनेट असताना वाय-फाय नाही. काही व्यावसायिक लॅपटॉपच्या बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) लॅन आणि वाय-फाय यांची आपोआप अदलाबदल करणारा पर्याय असतो. वहिनींनी स्वतः छेडू नये, त्यांच्या आयटीला विचारावं.


जांभाचिरा | शनिवार, दुपारी १२.३०

मंडळी, सापडलं.

राउटरचं पोर्ट गिगाबिटच आहे. आज सुट्टी म्हणून आधी पडवीकडचा जॅक काढून खिडकीत धरला. आठही तारा टोकापर्यंत गेलेल्या. मग माजघराकडचा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी सगळ्या शेवटपर्यंत. आठवी, तपकिरी, मात्र आखूड. पितळी दात खाली आलाय पण त्याच्याखाली तार नाहीच, तांदळाच्या दाण्याएवढी आधीच संपलीय. केबलवाल्यानं जॅक मारताना ती मागे राहिली असणार. मी तोच जॅक गेलं वर्षभर दिवसातून दोनदा आत-बाहेर करतोय आणि एकदाही नीट पाहिला नाही.

बाजारातून चार जॅक आणले, क्रिम्पिंगचा (जॅक तारांवर दाबून बसवायचा) पक्कड ओळखीच्या एका मुलाकडून मागून आणला. जुना जॅक कापला, वरचं आवरण इंचभर सोललं, तारा सरळ करून रंगांच्या क्रमानं लावल्या आणि टोकं एका रेषेत कापली. पहिला प्रयत्न फसला, निळी आणि हिरवी अदलाबदल झाली. दुसऱ्या वेळी बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि एकेक रंग मोठ्यानं वाचत होते. पक्कड दाबायच्या आधी जॅकच्या समोरून बघितलं, आठही तारांची तांब्याची टोकं ओळीनं चमकत होती. मग दाबला.

केबल लावली. इथरनेट १०००/१०००. रूट प्रिंटमध्ये इथरनेट २५, वाय-फाय ३०. व्हिडिओ लावला तर इथरनेटचा आलेख वर गेला आणि वाय-फायचा खाली बसला. वाय-फायला हातही लावला नाही.

आता एक शंका. व्हीपीएन पडवीतूनच जोडून आणला आणि मग केबल लावली, तर व्हीपीएनवरचं काम अजून वाय-फायवरूनच जातंय असं दिसलं. ब्राउझर वायरवर, व्हीपीएन वाय-फायवर. हे असंच असतं का?


मुठाकाठ | शनिवार, दुपारी १.१०

बाबांना नमस्कार सांगा.

हो, हे असंच असतं. मेट्रिक फक्त नवीन जोडण्यांसाठी वाट निवडतं. व्हीपीएन .१४ वरून जोडलेला आहे, तो .१४ जिवंत असेतोवर तिथेच राहणार. तुमच्या बाबतीत तो रिपीटरच्या अडलेल्या वाटेनं जात राहील. माजघरात बसल्यावर केबल लावा, व्हीपीएन स्वतः तोडून एकदा जोडा, मग मीटिंगमध्ये जा. वीस सेकंदांचं काम आहे.


हापूसबाग | शनिवार, दुपारी ३.४५

अभिनंदन! आता फायबर तुटल्यावरचं एक सांगून ठेवतो. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की फायबर तुटतंच. तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लावता, बरोबर? राउटर इन्व्हर्टरवर चालू असेल तर केबलची जोडणी लॅपटॉपच्या दृष्टीनं शाबूतच राहते. राउटरच्या पुढे नेट नाही हे मेट्रिक बघत नाही. हॉटस्पॉट ३०, केबल २५, म्हणजे लॅपटॉप मेलेल्या वाटेनंच पाठवत राहतो. हॉटस्पॉट जोडलेला दिसतो आणि पानं उघडत नाहीत. मी एकदा यात अर्धा तास घालवलाय. अशा वेळी पहिल्यांदा केबल लॅपटॉपमधून काढा, मग हॉटस्पॉट.


तारमास्तर | शनिवार, संध्याकाळी ५.२०

हापूसबागनी महत्त्वाचं सांगितलं. म्हणूनच इथरनेटला हाताने फार लहान मेट्रिक देऊन ठेवणं मला पटत नाही. ते देऊन विसरलात की वायर कितीही बिघडली तरी तिलाच पहिला मान मिळतो. तुमचं आता आपोआप नीट झालंय, तसंच राहू द्या.

एकच करा. रिपीटर भिंतीच्या आत, माजघराच्या दाराशी आहे. तो ओटीवर, जिथे राउटर थेट दिसतो तिथे आणून बघा. त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे काही देऊ शकतो. आईबाबांच्या फोनलाही फरक पडेल.


जांभाचिरा | सोमवार, सकाळी ११.०५

आज साडेदहाला पडवीतून उठलो. माजघरात आलो, केबल लावली, व्हीपीएन तोडून जोडला आणि पावणेअकराच्या मीटिंगला बसलो. वीस मिनिटं बोललो, एकदाही आवाज तुटला नाही. बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवला होता, सगळा आलेख इथरनेटवर.

रिपीटर ओटीवर नेलाय. बाबा आत पलंगावर पडून भाचीशी व्हिडिओवर बोलतायत, त्यांचा आवाज इथे टेबलापर्यंत येतोय.